120 तासांची ट्रेनिंग की नुसता शिक्का? कॉलेज आणि कारखाना एकत्र आले तर पोरांना काम कसं मिळतं, समजून घ्या

बोळिंज, प्रतिनिधी : गेल्या वर्षी माझा पुतण्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. कॉलेजने सांगितलं, कुठेतरी 120 तास काम करून सर्टिफिकेट आणा. पोराने ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणला आणि विषय संपला. पुढे वसईत एका गाळ्यात मुलाखतीला गेला. शेठने विचारलं, "जीएसटीचं बिल बनवता येतं का?" पोरगा गप्प. हे एकट्या त्याचं नाही, गावातल्या बऱ्याच घरांत हेच आहे.

हे 120 तास आले कुठून?
नवीन शैक्षणिक धोरणात पदवीला 'ऑन जॉब ट्रेनिंग', म्हणजे ओजेटी, आलं. साधारण तिसऱ्या वर्षात त्याला 4 क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला 30 तास, म्हणून 120 तास. रोज 6 तास धरले तर 20 दिवस. प्रत्यक्ष काम करून बघायला एवढे दिवस कमी नाहीत. पण जागा पोरानेच शोधायची आणि कॉलेजने फक्त कागद जमा करायचा, असं झालं तर शिकणार काय?

कॉलेजने काय करायला पाहिजे?
आपल्या आजूबाजूला काम आहे. वसईच्या पूर्वेला वालीव, गोखिवरे भागात हजारो गाळे आहेत. डहाणू लोकल पकडली की बोईसर, तिथे तारापूर एमआयडीसी. कॉलेजने वर्ष सुरू होतानाच या मालकांसोबत बसून तीन गोष्टी ठरवाव्यात :

1. तुम्हाला माणूस कोणत्या कामाला लागतो? बिलिंग, स्टॉक, मशीनवर माप घेणं की लॅबमध्ये तपासणी?
2. 20 दिवसांत पोराला शिकवणार कोण? त्या माणसाचं नाव कागदावर पाहिजे.
3. शेवटी मार्क कसे द्यायचे? काम बघून की नुसत्या फाईलवर?

स्वायत्त कॉलेजच्या अभ्यास मंडळावर उद्योगातला एक प्रतिनिधी असावा, असा यूजीसीचा नियम आहे. तो माणूस मीटिंगला येऊन खरंच बोलला, तर अभ्यासक्रमात बदल होऊ शकतो.

मालकाचा काय फायदा?
मालक म्हणतो, शिकवायला वेळ नाही. पण नवीन माणूस घेतला तरी पहिले दोन-तीन महिने शिकवण्यातच जातात. इथे तो पोराला आधी पारखून घेऊ शकतो. शिवाय अप्रेंटिस कायदा 1961 सालापासून आहे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. 2019 च्या नियमांप्रमाणे पदवीधराला महिन्याला किमान 9,000 आणि डिप्लोमावाल्याला 8,000 रुपये विद्यावेतन ठरलं. केंद्राच्या 'नॅट्स' योजनेतून घेतलं तर त्या किमान रकमेचा अर्धा वाटा सरकार देतं.

पदवीतच अप्रेंटिसशिप
2025 मध्ये यूजीसीने अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदवीचे नियम काढले. तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सेमिस्टर कंपनीत काढता येतात, विद्यावेतनही मिळतं आणि त्याचे क्रेडिट पदवीतच धरले जातात. मात्र कॉलेजने किंवा विद्यापीठाने तसा अभ्यासक्रम सुरू केलेला असला पाहिजे. ॲडमिशन घेतानाच हे विचारा.

पालकांनी काय करायचं?
फी भरताना आपण पावती मागतो, तसं हेही विचारा : गेल्या वर्षी ओजेटीला पोरं कुठे पाठवली? त्यातल्या किती जणांना तिथेच काम लागलं? कंपन्यांची यादी दाखवा. एकट्याने विचारलं तर ऑफिसवाले उद्या या म्हणतील, म्हणून चार-पाच पालक मिळून जा. पोरांनो, तुम्ही नॅट्सच्या पोर्टलवर नाव नोंदवा आणि सही-शिक्क्याचा सोपा रस्ता धरू नका.

आपल्याकडे वाड्या कमी होत चालल्यात, बिल्डिंगी वाढल्यात. पोरगा परत शेतीत येईल, हा आधार आता सगळ्यांना राहिला नाही. माझा पुतण्या पदवीनंतर सहा महिने एका अकाउंटंटकडे जवळजवळ फुकट राबला, तेव्हा बिल बनवायला शिकला. तेच काम त्या 20 दिवसांत सुरू झालं असतं, तर त्याचे हे सहा महिने वाचले असते.