नायट्याची ट्यूब कातडीत शिरते किती?

उसाला पाणी धरून आलेल्या माणसाची ओली पँट, कमरेला घट्ट करदोरा आणि जांघेतला घाम. नायट्याच्या बुरशीला आणखी काय हवं? वरकुटे असो की इंदापूर तालुक्यातलं दुसरं कुठलं बागायती गाव, पहिला उपाय म्हणजे मेडिकलमधून आणलेली ट्यूब. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर बरेचदा तगडं स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि ट्यूब कोनाड्यात जाते. बुरशी मात्र आतल्या आत पसरते. चट्ट्याची गोल कड पुसट झाल्यावर डॉक्टरही चकतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली खरी, पण चिठ्ठी मागतो कोण?

त्यात आता ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी बोकाळली आहे. टर्बिनाफिन हे नायट्याचं नेहमीचं औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमला अडवतं, त्याच्या जनुकातच तिच्या अनेक वाणांनी बदल करून घेतलाय. मग आठवण झाली अँफोटेरिसिन बी या जुन्या, जालीम औषधाची. पण कातडीच्या वरच्या मृत थरातून साधारण 500 डाल्टनपेक्षा जड रेणू सहसा जात नाही. टर्बिनाफिन 291चं, हे 924चं. शिवाय पाण्यात विरघळत नाही.

वाट काढली लायपोसोमने. लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाची अतिसूक्ष्म पिशवी, कातडीतल्या स्निग्धांशी सहज मिसळणारी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांच्या साथीने अशा पिशवीत भरलेलं अँफोटेरिसिन शिरेतून देण्यासाठी तपासलं होतं. पुढे त्याच धर्तीवर 0.1 टक्क्याचं जेल भारतात आलं. इथे औषध रक्तात उतरायला नकोच आहे. बुरशी राहते त्या थरात आणि केसांच्या मुळाशी ते साचून राहिलं की झालं.

तरी ते लावायचं हातानेच, आणि घोडं तिथेच अडतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली, तर अर्धा ग्रॅम मलम येतं आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. ते चट्ट्याच्या कडेबाहेरही बोटभर लावायचं आणि खाज थांबली तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर त्यालाही त्याच खेपेला दाखवायचं. टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा.