लष्करी रुग्णालयाचे बांधकाम आणि कंत्राटदाराची नोंदणी

पुण्यात वानवडीला दक्षिण कमांडचे कमांड हॉस्पिटल आहे. खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठी आणि बेळगाव येथे मिलिटरी हॉस्पिटले आहेत. यांत डॉक्टर, परिचारिका आणि औषधे सैन्याच्या वैद्यकीय सेवेची असतात. भिंती, नळ, विजेच्या तारा आणि छपरे यांची जबाबदारी मात्र मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे एमईएस, या खात्याकडे असते. १९२३ मध्ये सुरू झालेले हे खाते आता तिन्ही दलांची बांधकामे पाहते. दिल्लीत त्याचा प्रमुख इंजिनिअर-इन-चीफ बसतो. त्याच्याखाली कमांडचा आणि झोनचा चीफ इंजिनिअर, मग कमांडर वर्क्स इंजिनिअर आणि प्रत्यक्ष छावणीत गॅरिसन इंजिनिअर अशी उतरंड असते. अधिकाऱ्यांत वर्दीतले सॅपर्स, म्हणजे सैन्याचे अभियंते, असतात, तसेच लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी परीक्षेतून आलेले मुलकी अभियंतेही असतात. खात्याला लागणारे अभियांत्रिकी शिक्षण दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये मिळते. विटा रचणे आणि स्लॅब ओतणे ही कामे मात्र खाते स्वतः करत नाही. ती कंत्राटदार करतो.

कंत्राटदाराचे नाव पुढे येण्याच्या कितीतरी आधी रुग्णालयाचा आकार ठरलेला असतो. आधी गरज मान्य करून घ्यावी लागते. मग अधिकाऱ्यांचे मंडळ बसते. त्यात रुग्णालय वापरणाऱ्यांचा आणि एमईएसचा प्रतिनिधी असतो. जागेची पाहणी वेगळी होते. दारूगोळ्याचे कोठार किंवा धावपट्टी किती अंतरावर आहे, हा प्रश्न मुलकी रुग्णालयाला सहसा पडत नाही, छावणीत तो आधी सोडवावा लागतो. खोल्यांची लांबी-रुंदीही कोणाच्या मर्जीवर नसते. संरक्षण दलांच्या ‘स्केल्स ऑफ अकोमोडेशन’मध्ये कोणत्या वापराला किती जागा द्यायची ते छापलेले असते. खर्चाचा अंदाज एमईएसच्या प्रमाणित दरपत्रकाच्या आधारे काढतात आणि प्रशासकीय मंजुरी मिळाली की मगच निविदेची तयारी सुरू होते. यात वर्षे जातात. ती वाया गेली असे म्हणणे सोपे आहे. पण नकाशा कच्चा असताना काढलेली निविदा पुढे त्याहून जास्त वेळ आणि पैसा खाते, हेही तितकेच खरे.

एमईएसकडे नोंदणी झालेल्या कंत्राटदारांची यादी असते. ‘ई’पासून चढत ‘ए’, मग ‘एस’ आणि सर्वांत वर ‘एसएस’ असे वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाला किती रकमेपर्यंतच्या कामाची निविदा भरता येईल याची मर्यादा ठरलेली असते. शिवाय कामाचे प्रकार वेगळे: इमारती व रस्ते, वीज, पाणीपुरवठा, वातानुकूलन वगैरे. एकाच कंत्राटदाराची नोंदणी एकापेक्षा जास्त प्रकारांत असू शकते. अर्जासोबत पूर्वी केलेल्या तशाच कामांचे दाखले, बँकेचा आर्थिक क्षमतेचा दाखला, स्थावर मालमत्तेची माहिती, प्राप्तिकराची विवरणपत्रे, हाताशी असलेले अभियंते आणि यंत्रसामग्री यांचा तपशील लागतो. माणसे छावणीत वावरणार असल्याने पोलिस पडताळणीही होते. कोणत्याही सरकारी खात्याचे येणे थकलेले असेल, तर अर्ज तिथेच अडतो.

नोंदणीचा रोजचा फायदा अनामतीत दिसतो. यादीतल्या कंत्राटदाराने स्थायी सुरक्षा ठेव एकदा दिली की प्रत्येक निविदेबरोबर बयाणा रक्कम भरावी लागत नाही. यादीबाहेरच्यालाही पात्रतेच्या अटी पूर्ण करून निविदा भरता येते, पण त्याला बयाणा भरावा लागतो आणि सगळी कागदपत्रे नव्याने पुढे करावी लागतात. सातारा-कोल्हापूरकडच्या छोट्या कंत्राटदाराने खालच्या वर्गात नोंदणी करून दुरुस्तीची, रंगरंगोटीची कामे वेळेत पुरी केली, तर वर चढायला त्याला हाच रस्ता आहे. रस्ता लांबचा आहे, पण बंद नाही.

निविदा संरक्षण खात्याच्या ई-प्रोक्युअरमेंट पोर्टलवर निघते आणि डिजिटल सहीने भरली जाते. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. त्यात जे पात्र ठरतात, त्यांचाच दराचा लिफाफा उघडतात. सर्वांत कमी दराच्या बोलीला सगळे ‘एल-वन’ म्हणतात आणि काम बहुधा त्यालाच जाते. करारनाम्याला ‘आयएएफडब्ल्यू-२२४९’ या क्रमांकाच्या सर्वसाधारण अटी जोडलेल्या असतात. त्यातली सत्तरावी अट लवादाची आहे आणि एमईएसमध्ये काम केलेल्या कंत्राटदाराला ती तोंडपाठ असते.

खरी अडचण इथून पुढे आहे. नोंदणीचा वर्ग रुपयांत मोजला जातो, रुग्णालयाच्या अनुभवात नाही. बराकी आणि क्वार्टर उत्तम बांधणारा कंत्राटदार कागदावर शस्त्रक्रियागृहालाही पात्र ठरतो. पण शस्त्रक्रियागृहाची फरशी सांध्यांशिवाय हवी, भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो कोपरा गोलाई दिलेला हवा, म्हणजे घाण साचत नाही. छतातून येणारी हवा हेपा फिल्टरमधून गाळलेली हवी, आणि हा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. ऑक्सिजन, नायट्रस ऑक्साइड आणि व्हॅक्यूमच्या तांब्याच्या नळ्या खाटेपर्यंत न्यायच्या. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंतची पोकळी यूपीएसने भरून काढायची. एक्स-रेची खोली अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत बसवायची. यातली एखादी नळी स्लॅब ओतल्यानंतर आठवली की स्लॅब फोडावा लागतो. म्हणून अशा कामांसाठी अनुभवी विशेष एजन्सी लावण्याची अट निविदेतच घालणे शहाणपणाचे, आणि ती अट ढिली ठेवणे ही चुकीची काटकसर.

साइटवर खात्याचा कनिष्ठ अभियंता रोज हजर असतो. काँक्रीट ओतताना त्याच्यासमोर १५० मिलिमीटरचे ठोकळे भरले जातात. त्यांवर तारीख घालून ते पाण्यात ठेवतात, ७ आणि २८ दिवसांनी दाबयंत्राखाली फोडतात आणि किती भाराला फुटले ते नोंदवतात. ठोकळा कमी भाराला फुटला तर तो भाग स्वीकारायचा की पाडायचा, हा प्रश्न उभा राहतो. सिमेंट, टाइल, नळ यांचे नमुने आधी मंजूर करून घ्यावे लागतात. झालेल्या कामाच्या प्रमाणात चालू बिले निघतात, आणि ती रखडली की मजुरांचे पगार रखडतात.

इमारतीच्या आतली वैद्यकीय उपकरणे या बांधकाम-कंत्राटात सहसा नसतात. त्यांची खरेदी सैन्याची वैद्यकीय सेवा वेगळी करते, आणि तिथे पुरवठादाराला वेगळी नोंदणी लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी बाजारपेठेवर सर्वसाधारण वस्तू विकायच्या तर विक्रेत्याचे खाते तिथे असावेच लागते. लहान उद्योगाला ‘उद्यम’ नोंदणीचा उपयोग होतो. मात्र पुरवठ्यात मिळणाऱ्या सगळ्या सवलती बांधकामाच्या निविदेत तशाच मिळतील, असे गृहीत धरू नये.

जिथे मोठी छावणी नाही तिथली गोष्ट निराळी. मैसुरूच्या विजयनगरसारख्या नागरी वस्तीत राहणाऱ्या माजी सैनिकाला जवळचे मोठे लष्करी रुग्णालय म्हणजे बेंगळुरूचे हवाई दलाचे कमांड हॉस्पिटल. मात्र १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, लागू झाली आणि तिचे पॉलिक्लिनिक मैसुरूतही आहे. पॉलिक्लिनिकात तपासणी आणि औषधे मिळतात. भरती करण्याची वेळ आली की रुग्णाला लष्करी किंवा योजनेशी करार केलेल्या रुग्णालयात पाठवतात. हा करार हीसुद्धा एक प्रकारची नोंदणीच आहे. खासगी रुग्णालय ठरलेल्या दराने उपचार करण्याचे मान्य करते, त्याच्या सुविधांची तपासणी होते आणि बिले ऑनलाइन तपासून चुकती केली जातात.