तारापूरची अणुभट्टी आणि पवईची रक्तनळी

पालघर हा वेगळा जिल्हा होण्याच्या ४५ वर्षं आधी, १९६९ मध्ये, तारापूरची अणुवीज सुरू झाली. वापरून झालेल्या इंधनात युरेनियम किती उरलं, प्लुटोनियम किती तयार झालं, हा हिशेब साध्या रासायनिक परीक्षेनं नीट लागत नाही. एकाच मूलद्रव्याचे जड-हलके अणू वेगळे करून मोजावे लागतात, आणि ते काम मास स्पेक्ट्रोमीटरचं. कणांना विद्युतभार द्यायचा, निर्वातात पळवायचं आणि चुंबकानं वळवायचं. हलका कण जास्त वळतो, जड कमी. फ्रान्सिस अॅस्टननं १९१९ मध्ये असं यंत्र उभं केलं आणि १९२२ चं नोबेल मिळवलं. आपल्याकडे या विद्येचं माहेर भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथल्या शास्त्रज्ञांच्या अवतीभवतीच १९७८ मध्ये भारतीय मास स्पेक्ट्रोमेट्री संस्था स्थापन झाली.

जीवशास्त्राला मात्र या यंत्राचा तेव्हा मर्यादितच उपयोग होता. अडचण सोपी, पण हट्टी होती. यंत्रात तोलण्यासाठी रेणू आधी हवेत उडवावा लागतो, आणि प्रथिनासारखा अवाढव्य रेणू तापवला की उडण्याआधीच मोडतो. तापलेल्या तव्यावर अंडं टाकून ते अखंड उचलायला सांगावं, तशातली गत.

ही कोंडी १९८० च्या दशकात दोन बाजूंनी फुटली. अमेरिकेत जॉन फेन यांनी प्रथिनांचं द्रावण विद्युतभारित सुईतून फवारलं. थेंब आटत गेले आणि प्रथिनं अखंड राहून यंत्रात शिरली. जपानमध्ये शिमाझू कंपनीतल्या कोइची तनाका या तरुण अभियंत्यानं कोबाल्टच्या पुडीत चुकून भलताच द्रव, म्हणजे ग्लिसरीन, मिसळलं. महागडी पूड फेकवेना, म्हणून त्याच मिश्रणावर लेझर मारला, आणि मोठे रेणू न मोडता उडाले. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. तनाकांकडे डॉक्टरेट नव्हती. खरं तर पुढे प्रयोगशाळांनी उचलली ती कारास आणि हिलेनकांप या जर्मन जोडीची पद्धत. त्यांना नोबेल मिळालं नाही, याची हळहळ या क्षेत्रात अजून ऐकू येते.

पुढची दोन दशकं झपाट्याची. प्रथिनांचे एन्झाइमनं तुकडे करायचे, तुकडे तोलायचे आणि जनुकांच्या यादीशी ताडून मूळ प्रथिन ओळखायचं, ही रीत रुळली. २०१४ मध्ये अखिलेश पांडे यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स आणि अमेरिकेचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी मानवी प्रथिनांचा मसुदा-नकाशा ‘नेचर’मध्ये छापला. त्यात १७,२९४ जनुकांची प्रथिनं होती. एवढ्या मोठ्या कामात भारतीय संस्था बिनीला असणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

आपल्या अंगणातलं काम म्हणजे पवईच्या आयआयटीतली संजीव श्रीवास्तव यांची प्रयोगशाळा. हिवताप आणि डेंगी हे वसई-विरारच्या पावसाळ्याचे ठरलेले पाहुणे, म्हणून त्यांचं २०२० मधलं काम मला जवळचं वाटतं. फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तद्रवातली प्रथिनं मोजून, आजार कोणात बळावतो याच्या खुणा त्यांच्या गटानं शोधल्या. पुढच्याच वर्षी कोरोनाच्या रुग्णांच्या नाकातले स्राव आणि रक्त घेऊन अशीच तपासणी झाली. त्यात मुंबईचं कस्तुरबा रुग्णालय सोबतीला होतं. या खुणांवरून उद्या विरारच्या दवाखान्यात चाचणी होईल, असं मात्र कुणी समजू नये. शोधनिबंध आणि चाचणीची पट्टी यांत बरंच अंतर असतं, आणि बहुतेक खुणा वाटेतच गळतात.

रोजच्या वैद्यकात हे यंत्र शिरलं ते तुलनेनं साध्या कामासाठी. पेट्रीडिशमध्ये वाढलेला जिवाणू कोणता, हे ओळखायला पूर्वी एखादा दिवस सहज जाई. आता लेझरवाल्या यंत्रात त्याच्या प्रथिनांचा ठसा घेतला की काही मिनिटांत नाव कळतं. आधी तो जिवाणू वाढवावा लागतो, तेवढी वाट अजूनही पाहावी लागते. नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या एका ठिपक्यातून चयापचयाचे अनेक जन्मजात दोष तपासणारी यंत्रं याच जातीची. ती महागडी, चालवायला तरबेज माणूस लागणारी, म्हणून मोठ्या प्रयोगशाळांतच दिसतात.

पालघरला याहून जास्त गरज असलेलं काम सापाच्या विषाचं आहे. भातखाचरांत आणि वाड्यांत राबणाऱ्यांना घोणस, नाग, मण्यार, फुरसं यांची ओळख करून द्यावी लागत नाही. मास स्पेक्ट्रोमेट्रीनं गेल्या काही वर्षांत दाखवून दिलं, की एकाच जातीच्या सापाच्या विषातली प्रथिनं प्रदेशागणिक बदलतात. प्रतिविषाची इंजेक्शनं बनवायला लागणारं विष मात्र प्रामुख्यानं तमिळनाडूतली इरुळा सहकारी संस्था पुरवते. तिथल्या विषावर तयार झालेली कुपी डहाणूच्या रुग्णाला कमी लागू पडू शकते, ही शंका आता निव्वळ अंदाज राहिलेली नाही. प्रदेशवार विष गोळा करून त्यानुसार प्रतिविष बनवण्याची मागणी बंगळुरूचे कार्तिक सुनगर यांच्यासारखे संशोधक करत आले आहेत.