पुडीतले बी आणि घरचे बी

बारामती-इंदापूरच्या जिरायती भागात एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : मालदांडी ज्वारीचे बी घरचे चालते, मग संकरित बाजरीचे दरवर्षी विकत का घ्यायचे? उत्तर प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून सांगितले, की चटकन पटते.

१९०९ साली अमेरिकेत क्लॅरेन्स लिटल यांनी उंदरांच्या सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या लावून शुद्ध वंश तयार करायला घेतला. वीस पिढ्या असे केले, की वंशातले सारे उंदीर जवळजवळ एकसारखे होतात. पण झाकलेले दुबळे गुणही वर येतात. वंश अनेकदा किरकोळ होतो. असे दोन निराळे वंश एकत्र आणले, तर एकाचे उणे दुसरा भरून काढतो. पिल्ले सहसा धट्टीकट्टी होतात आणि नर-मादीचा भेद सोडला तर आनुवंशिक गुणांनी सारखी. याला संकरजोम म्हणतात. मात्र याच पिल्लांची आपसात जोडी लावली, की पत्ते नव्याने पिसले जातात. वाढीव जोम साधारण निम्मा ओसरतो. कोणी आजीवर जाते, कोणी आजोबांवर.

पुडीतली संकरित बाजरी ही पहिली पिढी. ती एका उंचीने वाढते, एकदम निसवते. तिचे दाणे राखून पेरले, तर ताटे खालीवर, कणसे मागेपुढे आणि उतारा कमी. मालदांडी संकरित नाही. शिवाय ज्वारी बहुतांशी स्वतःच्याच परागावर दाणे भरते, म्हणून तिचे घरचे बी गुण राखते.

सारखेपणाला दुसरी बाजूही आहे. १९६५ साली आलेल्या एचबी-१ या संकरित बाजरीने उत्पादन वाढवले. पण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगाने तिला झोडपले. सगळी ताटे एका गुणाची, तेव्हा एक बळी पडले की सगळीच पडतात.

म्हणून माझे सांगणे एवढेच. ज्यांना दरवर्षी पुडी परवडत नाही, त्यांनी संकरित बाजरीचे बी राखू नये. धनशक्तीसारखा सुधारित वाण घ्यावा. शेजारच्या शेतातला पराग बाजरीवर सहज येतो, म्हणून बियाण्याची कणसे बांधाकडची नकोत, रानाच्या मधली घ्यावीत. तीही पुष्कळ निरोगी ताटांची. आणि विकत घेताना पुडीवर 'संकरित' लिहिले आहे की 'सुधारित', हे आधी वाचावे. पुढच्या मृगाचे बी घरात आहे की दुकानात, ते त्या शब्दावरून कळते.