रेलिंगवर चढण्याआधी पडायला शिका

स्केटिंग म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर येते गोल रिंक, हेल्मेट घातलेल्या मुलांची रांग आणि शिट्टी वाजवणारे सर. या शर्यतीच्या स्केटिंगने देशाला नावही मिळवून दिले आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेमध्ये कांस्यपदक पटकावले. पुरुष संघात महाराष्ट्राचा विक्रम इंगळे होता.

मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून मुलांना खुणावणारे स्केटिंग मात्र वेगळे आहे. वेगात यायचे, उडी मारायची, पायऱ्यांच्या लोखंडी रेलिंगवर किंवा कट्ट्याच्या कडेवर स्केट टेकवायचे आणि चाकांवर नव्हे तर बुटाच्या तळाने घासत पुढे सरकायचे. याला ‘ग्राइंड’ म्हणतात आणि या प्रकाराला ‘ॲग्रेसिव्ह इनलाइन स्केटिंग’. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेल्या एक्स गेम्समुळे तो जगभर पोहोचला.

तळोज्यासारख्या नव्या वसाहतीत त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. सिडकोच्या इमारती, सेक्टरचे रस्ते, सिमेंटचे कट्टे, जिन्यांची रेलिंग असे सारे ‘सामान’ दाराशीच असते. धोकाही तिथेच असतो. हे रेलिंग आधारासाठी बसवलेले असते, त्याच्या खाली कठीण काँक्रीट असते, आणि शेजारून औद्योगिक वसाहतीचे ट्रेलर जात असतात. मुलांना नुसते ‘नको’ म्हटले तर ती घरच्यांची नजर चुकवून करतात. त्यापेक्षा हे कसे शिकावे आणि शरीराला त्यात काय सोसावे लागते, हे घरातल्या सगळ्यांनी समजून घेतलेले बरे.

स्केटच वेगळे असतात

शर्यतीच्या स्केटची चाके मोठी आणि चौकट हलकी असते. ॲग्रेसिव्ह स्केटची चाके लहान आणि कठीण असतात. चौकटीच्या मधोमध खाच असते, ती रेलिंगवर बसते. बुटाच्या तळाला प्लास्टिकची रुंद, मजबूत पट्टी असते. टाचेला ब्रेक नसतो. साध्या स्केटवर ग्राइंड करायला गेल्यास चाके रेलिंगवर अडकतात. पाय जागेवर थांबतो आणि वरचे शरीर पुढे फेकले जाते.

योग्य स्केट असूनही असे घडू शकते. प्लास्टिक आणि लोखंड यांच्यातले घर्षण कमी असले तरच स्केट सरकतो. गंजलेले, जाड रंग दिलेले किंवा वेल्डिंगच्या गाठी असलेले रेलिंग पायाला मध्येच धरते. पावसाने ओले झालेले रेलिंग उलट अपेक्षेपेक्षा जास्त घसरते. दोन्ही वेळा मेंदूने बांधलेला अंदाज चुकतो आणि तोल जातो. वेगाचे गणितही लक्षात ठेवावे. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते.

पहिला बळी मनगटाचा

तोल गेला की माणूस हात पुढे टाकतो. ही आपोआप घडणारी क्रिया डोके वाचवते, पण सारा भार ताठ हातावर येतो आणि मनगट मागे मुडपते. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या इनलाइन स्केटरांचा एक अभ्यास १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण दुखापतींपैकी ३२ टक्के मनगटाच्या होत्या आणि २५ टक्के दुखापती म्हणजे मनगटाचे अस्थिभंग होते. रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगटाच्या दुखापतीची शक्यता घालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दहापट आढळली. कोपराच्या पॅडबाबतही प्रमाण जवळपास तसेच होते. काहीशे रुपयांच्या साधनाकडून याहून अधिक काय मागावे?

वाढत्या वयात मनगटाला आणखी एक नाजूक बाजू असते. हाताच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ चकती असते, तिथूनच हाड वाढते. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची सुमारे तीन चतुर्थांश वाढ मनगटाजवळच्या चकतीतून होते. तिला इजा झाली आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत, तर क्वचित हाड आखूड किंवा वाकडे राहू शकते. त्यातच उंची झपाट्याने वाढते त्या काळात हाडाची लांबी आधी वाढते आणि मजबुती मागून येते. मुलाला ग्राइंडचे वेड लागते तेही नेमके याच वयात.

थोड्या मोठ्या मुलांमध्ये अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडते. याचा पहिला एक्स-रे कधीकधी अगदी साफ येतो. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर ‘नुसता मुरगळा’ म्हणून सोडून देऊ नये. हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करावी लागते. या हाडाचा रक्तपुरवठा एका टोकाकडून होत असल्याने दुर्लक्ष केल्यास ते जुळत नाही, आणि पुढे लिहिताना, वजन उचलताना मनगट आयुष्यभर दुखत राहते.

जे मुले सांगत नाहीत

उडी चुकून रेलिंग दोन्ही पायांच्या मध्ये आले, तर लघवीच्या मार्गाला इजा होऊ शकते. मुलगा लाजेने ती लपवतो. लघवीच्या जागी रक्ताचा थेंब दिसणे, लघवी न होणे, त्या भागात सूज किंवा काळेनिळेपणा ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावे. उपचारास उशीर झाल्यास लघवीचा मार्ग पुढे अरुंद होऊ शकतो. ‘असे काही झाले तर सांग, कोणी रागावणार नाही’ एवढे वाक्य घरात आधीच बोलून ठेवावे.

रेलिंग पोटावर किंवा डाव्या बरगड्यांखाली आदळले तर प्लीहेला इजा होऊ शकते. पोटदुखी वाढत जाणे, डावा खांदा दुखणे, चेहरा पांढरा पडणे, चक्कर येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल ठीक वाटत असले तरी डोक्याला जोरात लागल्यावर त्या दिवशी पुन्हा स्केट चढवू नयेत. हेल्मेट तपासून घ्यावे. तडा गेला असेल तर ते बदलावे.

मुका मार समजून चोळून घेणे आणि हाडवैद्याकडून घट्ट पट्टी बांधून घेणे, या दोन सवयी अजून गेलेल्या नाहीत. सूज वाढत असताना बांबूच्या कामट्यांची आवळलेली बांधणी रक्तपुरवठा तोडू शकते. बोटे निळी किंवा थंड पडली, मुंग्या येऊ लागल्या, बोटे सरळ करताना असह्य कळ आली तर बांधणी तत्काळ सोडून रुग्णालयात जावे. तिथे पोहोचेपर्यंत हात पुठ्ठ्यावर सैल बांधून गळ्यात अडकवणे पुरेसे असते.

शिकण्याच्या पायऱ्या

ग्राइंडला धाडस लागते, पण त्याआधी क्रम लागतो. पहिली पायरी म्हणजे पडणे. गवतावर किंवा जुन्या गादीवर, सगळी साधने घालून, मुद्दाम पडावे. गुडघे वाकवून, शरीर खाली आणून, आधी गुडघ्याच्या पॅडवर आणि मग रिस्ट गार्डच्या कठीण पट्टीवर घसरत जायचे. कोपरे ताठ ठेवायची नाहीत. मागे पडणे सर्वांत वाईट, कारण त्यात माकडहाड, मनगट आणि डोक्याची मागची बाजू एकदम आदळते. तोल जातो आहे असे वाटताच खाली बसण्याची सवय त्यासाठीच लावायची.

दुसऱ्या पायरीत पंधरा-वीस सेंटिमीटर उंचीच्या कडेवर, मित्राच्या खांद्याचा आधार घेऊन, दोन्ही स्केटच्या खाचा कडेवर बसवून नुसते उभे राहावे. तिसरीत जागेवरून उडी मारून तीच स्थिती घ्यावी. चौथीत हळू येऊन उडी मारावी आणि हातभर सरकावे. गुडघे वाकलेले, भार दोन्ही पायांवर, नजर पायांकडे नव्हे तर कड जिथे संपते तिथे. ही पायरी सलग अनेक वेळा जमल्यावरच उंची वाढवावी. जिन्याचे रेलिंग या यादीत फार शेवटी येते, आणि नाही आले तरी काही बिघडत नाही.

प्रत्येक चुकलेल्या उडीनंतर लहान मेंदू पुढच्या वेळचा अंदाज सुधारत असतो, आणि शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते. म्हणून रविवारी चार तास घासण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा तास सराव आणि रात्री पुरेशी झोप यांनी कला लवकर येते. थकलेले पाय उडी आखूड मारतात. ‘एक शेवटचा’ म्हणत केलेला प्रयत्न म्हणूनच टाळावा.

जागा मिळाली तर

सोसायटीच्या रेलिंगला पर्याय सोपा आहे. चौकोनी लोखंडी पाइप, दोन्ही बाजूंना रुंद पाय, कडा घासून गुळगुळीत केलेल्या आणि उंची वीतभर, असे साधन कोणताही फॅब्रिकेटर बनवून देईल. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना तो शोधायला लांब जावे लागणार नाही. रहदारीपासून दूर, सपाट आणि कोरड्या मैदानाच्या कोपऱ्यात ते ठेवले आणि एक मोठा माणूस जवळ असला की निम्मा धोका टळतो. मैदाने आखताना पनवेल महापालिका आणि सिडकोने अशा एका कोपऱ्याचा विचार केला, तर मुले जिन्यांवरून आपोआप खाली उतरतील.

पालकांनी स्केट विकत घेताना हिशेब एकाच वेळी करावा. हेल्मेट, रिस्ट गार्ड, कोपर आणि गुडघ्याचे पॅड यांचे पैसे उरत नसतील तर स्केट अजून परवडलेले नाहीत. आणि मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे, व्हिडिओत दिसणाऱ्या तीन सेकंदांच्या ग्राइंडमागे शेकडो वेळा पडणे असते. ज्याला नीट पडता येते तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला येतो, आणि रोज सरावाला येणाऱ्यालाच ग्राइंड जमतो.