सर्व्हर-व्यवस्थापनातील स्मृतिमानाचे संख्यारूप

प्रस्तावना

भंडारा जिल्हा हा धानाचा प्रदेश होय. नाकाडोंगरीच्या शेतकऱ्याने ‘चाळीस पोती झाली’ असे सांगितले, तर पोते किती किलोचे हे कळल्याशिवाय हिशेब पुढे सरकत नाही. संगणकाच्या स्मृतीची, अर्थात रॅमची, नोंद घेतानाही हाच प्रश्न उद्भवतो. संगणक मात्र तो स्वतःहून विचारीत नाही. महाविद्यालयातील एक-दोन सर्व्हर हाताने सांभाळता येतात. त्यांची संख्या वाढली की पपेट, अ‍ॅन्सिबल यांसारख्या प्रणाली प्रत्येक यंत्राची रॅम वाचून डेटाबेसचा वाटा नियमानुसार ठरवितात.

विवेचन

पपेटसाठी यंत्राची माहिती गोळा करणारे फॅक्टर हे साधन पूर्वापार ‘३१.२६ जीबी’ अशा रूपात मान देत आले आहे. ते वाचण्यास सोयीचे असले तरी ती अक्षरमाला आहे, संख्या नव्हे. लहान यंत्रावर हेच साधन ‘१००७.८० एमबी’ असे सांगते. रुबी भाषेतील पूर्णांक-रूपांतराची प्रचलित पद्धत आरंभीचे अंक घेते, एकक टाकून देते आणि चूक झाल्याचे कळवीतही नाही. परिणामी एका यंत्राचे मान ३१ आणि दुसऱ्याचे १००७ ठरते. जेमतेम एक जीबीचे यंत्र नियमाला बलाढ्य दिसते. नसलेल्या रॅमच्या भरवशावर डेटाबेस सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन भर प्रवेशप्रक्रियेत बंद पडतो. कारण स्मृती संपताच लिनक्सचे कर्नल बहुधा सर्वाधिक रॅम व्यापणाऱ्या प्रक्रियेलाच संपविते. रूपांतर न करता अक्षरमालांचीच तुलना केल्यास ‘१६’ हे ‘८’ पेक्षा लहान ठरते, ही आणखी एक गंमत!

यावरील उपाय साधा आहे. मान बाइटमध्ये, पूर्णांक म्हणून घ्यावे. २०१५ मधील फॅक्टरच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते तसे थेट मिळते. अ‍ॅन्सिबल मेगाबाइटमधील पूर्णांक देते. वरील दोन यंत्रांची मूल्ये मग अनुक्रमे सुमारे ३,३५६ कोटी आणि १०५ कोटी बाइट अशी, तुलनायोग्य होतात.

तथापि संख्या मिळाली म्हणजे सर्व मिटले असे नाही. लिनक्स आपल्या नोंदीत ‘केबी’ लिहिते, पण तेथे १,००० नव्हे तर १,०२४ बाइट अभिप्रेत असतात. शिवाय काही रॅम कर्नल व फर्मवेअर यांच्यासाठी राखीव असल्याने १६ जीबीच्या यंत्रावर एकूण मान १६ पेक्षा थोडे कमीच दिसते. ‘१६ किंवा अधिक’ ही अट तेथे फसते. सीमा १५ ठेवणे इष्ट.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सामाईक स्मृतीसाठी एकक न लावता १०२४ लिहिले, तर ते सामान्यतः ८ केबीचे तितके खंड मानले जातात, म्हणजे केवळ ८ एमबी. म्हणून आकडेमोड निव्वळ संख्येत करावी आणि विन्यास-फाइलमध्ये उत्तर लिहिताना एकक पुन्हा जोडावे.