राक्षसीची जिवती कशी झाली?

श्रावणातल्या शुक्रवारी घरोघरी भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, बुध-बृहस्पती आणि पोराबाळांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका असतात. आघाडा-दुर्वांची माळ घालून घरची माउली पुरणाचा नैवेद्य दाखवते, लेकरांना ओवाळते. लेकरू परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकते. पण भगिनींनो, यातली 'जरा' कोण, हे कधी मनात आले का? ती मूळची राक्षसी!

महाभारताच्या सभापर्वात तिची कथा आहे. मगधाचा राजा बृहद्रथ. दोन राण्या, पण पोटी संतान नाही. चंडकौशिक ऋषींनी दिलेला आंबा दोघी राण्यांनी वाटून खाल्ला आणि दोघींना अर्धे अर्धे मूल झाले. दायांनी ते तुकडे गुंडाळून चव्हाट्यावर टाकले. तिथे रक्तमांस खाणारी जरा आली. न्यायला सोपे जावे म्हणून तिने दोन्ही तुकडे एकत्र धरले, ते सांधले गेले आणि बाळ मोठ्याने रडू लागले. जरेने ते खाल्ले नाही, राजाच्या ओटीत घातले. जरेने सांधला म्हणून तो जरासंध. तिने राजाला सांगितले, की जो भिंतीवर माझे लेकुरवाळे चित्र काढून पुजील त्याच्या घरी भरभराट होईल. जिवतीच्या कागदाची कूळकथा ही अशी आहे.

त्याच मगधातल्या राजगृहाची हारीती. ही यक्षिणी लोकांची मुले पळवून खाई. बुद्धांनी तिचे सर्वांत धाकटे पोर लपवले. ती कासावीस होऊन फिरली, तेव्हा तिला दुसऱ्या आयांचे दुःख कळले आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. अजिंठ्याला गेलात तर दोन नंबरच्या लेण्यात तिची आणि तिचा पती पांचिक याची मूर्ती जरूर पाहा.

पूतना तर सर्वांना ठाऊक आहे. हरिवंशात ती पक्षिणीच्या रूपाने ऐन मध्यरात्री येते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बाळांना पछाडणारे नऊ ग्रह सांगितले आहेत. त्यांत शकुनी, रेवती, पूतना ही नावे बायकांचीच. मात्र हे ग्रह अस्वच्छ राहणाऱ्या बाळांना धरतात, असेही तिथे म्हटले आहे. हे ध्यानात ठेवा.

ही भीती आपल्याच देशात होती असे नाही. आजच्या इराकच्या भूमीवर, प्राचीन बाबिलोनमध्ये, लोक लमाश्तू नावाच्या आसुरीला भीत. तोंड सिंहिणीचे, पाय पक्ष्याचे. ती गर्भारशीला आणि तान्ह्या बाळाला गाठते, अशी समजूत होती. तिला पळवण्यासाठी पाझुझू नावाच्या दुसऱ्या असुराचा ताईत बांधत. हजारो कोस दूर, भाषा वेगळी, देव वेगळे. आईचा घोर मात्र एकच.

हा घोर खोटा नव्हता. आपल्याकडे बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळी लेख लिहिते म्हणतात. पाटा-वरवंटा पुजतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, बायका रात्र जागवतात. आता नवजात बाळाचा धनुर्वात पाहा. तो बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतो. चांगले पिणारे बाळ अंगावर पिणे सोडते, जबडा आवळतो, हात लावला की अंग ताठते. याचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. नाळ विळ्याने कापली किंवा बेंबीला शेण-राख लावली, की ते आत शिरतात. घरच्यांना जंतू दिसत नव्हते. दिसत होते ते फक्त रात्रीतून गेलेले लेकरू. मग त्या अदृश्य वैरिणीला त्यांनी नाव दिले, चेहरा दिला आणि पूजा करून तिला आपल्या बाजूला वळवले.

आज ती वैरीण ओळखीची झाली आहे. आईला धनुर्वाताची लस आणि स्वच्छ पात्याने कापलेली नाळ, यांच्या जोरावर २०१५ साली भारतात माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळ तपासायला शिकवले. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. म्हणजे रात्र जागवणारी बाई खरी राखणदार ठरली; फक्त काय पाहायचे हे तिला शिकवावे लागले.

एका गोष्टीचा मात्र मनापासून संताप येतो. पुराणातल्या लोकांनी राक्षसीचीही देवी केली. आपण उलटे करतो. बाळ दगावले, की शेजारच्या एखाद्या विधवेला, निपुत्रिक बाईला डाकीण ठरवतो. तिला वाळीत टाकतात, मारतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. असे काही दिसले तर पोलीस पाटलांना कळवा. मांत्रिकाकडे गेलेली एक रात्रही बाळाच्या जिवावर बेतू शकते.

तेव्हा सटवाई पुजा, जिवतीला माळ घाला, कोणी अडवत नाही. पण त्याबरोबर एवढे कराच. गर्भारपणात लस चुकवू नका. बाळंतपण दवाखान्यात करा. गोठ्यातून आलात तर साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका. बेंबी कोरडी ठेवा, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिला काही लावू नका. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी आशाताई येतील, त्यांना बाळ उघडे करून दाखवा. बाळ पीत नसेल, अंग गार किंवा तापलेले लागले, छाती आत ओढली जात असेल, तर उजाडायची वाट पाहू नका. मध्यरात्र असली तरी १०८ नंबर फिरवा.